व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी एक दिवस

मी रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा धडा दरवर्षी यायचा. फळ्यावर रंगीत खडूनं डोंगर काढायचा, मधोमध लाल नळी, वर धुराचे लोट, आणि बाण काढून नावं द्यायची : शिलारस, विवर, लाव्हा, राख. बाजूला उदाहरण म्हणून लिहायचं, व्हेसुव्हियस, इटली, इ. स. 79. मुलं ती आकृती वहीत उतरवून घ्यायची. कितीतरी वह्यांत व्हेसुव्हियसचा आकार वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरासारखा यायचा. त्यांनी पाहिलेला डोंगर तोच.

मुलगी आणि जावई मिलानला नोकरीला आहेत. त्यांच्याकडे गेलो तेव्हा व्हेनिस, रोम अशी यादी तयारच होती. मी म्हटलं, ते सगळं तुमच्या सोयीनं दाखवा, पण मला एक पूर्ण दिवस पॉम्पेई आणि व्हेसुव्हियससाठी हवा. सकाळी डोंगरानं गाडलेलं शहर आणि दुपारी तो डोंगर. जावयांनी त्या दिवसासाठी स्वतंत्र मार्गदर्शक ठरवली. पन्नास जणांच्या घोळक्यात झेंड्यामागे धावण्यापेक्षा हे महाग पडतं, चौघांत वाटूनही महागच. पण ‘जरा थांबा’ म्हटल्यावर थांबणारं माणूस मिळतं. जुन्या दगडांपाशी मला थांबायला लागतं.

आमच्या मार्गदर्शक बाई पन्नाशीच्या, सडपातळ, पायांत भक्कम बूट. इटलीत या कामाला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, तो गळ्यात अडकवलेला. मी शिक्षक होतो हे कळल्यावर त्यांनी मला दिवसभर ‘प्रोफेसोरे’ म्हणून हाक मारली. तिकडे शाळामास्तरालाही प्रोफेसर म्हणतात. हिनं लगेच माझ्याकडे बघून घेतलं.

शहरात आत जाण्यासाठी समुद्राकडच्या दरवाजातून दगडी चढण चढावी लागते. आणि मग एकदम रस्ते लागतात. पडक्या देवळांपेक्षा मला तिथले रस्ते जास्त आवडले. मोठमोठे काळे दगड बसवलेले, गाड्यांच्या चाकांनी त्यांत खोल चाकोऱ्या पडलेल्या. पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी रस्त्यावरून वाहायचं म्हणून मधे उंच दगड ठेवलेले, त्यांवर पाय देत पलीकडे जायचं. दगडांमध्ये अंतर असं की गाडीची चाकं नेमकी त्यातून जावीत. खाली वाकून हात लावला. काळा, घट्ट, बारीक कणांचा. आमच्या घाटातल्या कातळाचा भाऊच. बाई म्हणाल्या, हा याच डोंगराचा दगड, जुन्या लाव्ह्याचा. म्हणजे ज्या ज्वालामुखीनं हे शहर बुडवलं, त्याच्याच पाठीवर ते रोज चालत होते.

आणि त्यांना तो ज्वालामुखी आहे हे ठाऊकच नव्हतं. स्फोटाच्या पन्नास-साठ वर्षं आधी स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक भूगोलकारानं लिहून ठेवलं होतं, की या डोंगराचा माथा राखेच्या रंगाचा, भाजल्यासारखा दिसतो. इथं कधीकाळी आग असावी आणि बहुधा म्हणूनच भोवतालची जमीन एवढी सुपीक आहे. पण सामान्य माणसाला दिसत होते ते द्राक्षांचे मळे. पॉम्पेईतल्या एका घराच्या भिंतीवर डोंगराचं चित्र मिळालं. त्यात उतारावर द्राक्षवेली आहेत आणि शेजारी मद्याचा देव उभा, अंगभर द्राक्षांचा घड पांघरून. धुराची एक रेघसुद्धा नाही.

बेकरीत आम्ही बराच वेळ रेंगाळलो. भट्टी जशीच्या तशी. समोर कमरेएवढी दगडी जाती. आपल्या जात्यासारखी बसकी नव्हेत. खाली दगडी शंकू आणि त्यावर डमरूच्या आकाराचा पोकळ दगड. त्याला लाकडी दांडा लावून गाढवं किंवा गुलाम गोल फिरायचे. दगड मात्र तोच खरबरीत काळा. हिनं हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, ‘टाकी लावायला झालंय.’ मी त्याचं भाषांतर करून सांगितलं, तर बाई मनापासून हसल्या. इथल्याच एका बेकरीत 81 पाव सापडले, भट्टीत ठेवलेले, कोळसा झालेले. गोल पाव, वरून आठ भाग पाडलेले. दुसऱ्या एका बेकरीची त्यांनी सांगितलेली गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. ती 2023 मध्ये उजेडात आली. अंधारी खोली, उंचावर छोट्या खिडक्या आणि त्यांना लोखंडी गज. जनावरं आणि गुलाम एकत्र कोंडलेले, आणि जमिनीवर खुणा कोरलेल्या, गाढवांनी कोणत्या वाटेनं फिरायचं त्याच्या. बाई म्हणाल्या, ‘लोक मला विचारतात, ते पळून का गेले नाहीत? मी सांगते, आधी विचारा, दाराची कडी कोणाच्या हातात होती.’

इथं त्या दिवशी काय झालं ते थोडं सांगायला हवं. शाळेत आपण लाव्हा म्हणून मोकळे होतो, पण पॉम्पेई लाव्ह्यानं गेलं नाही. दुपारच्या सुमारास डोंगराचा माथा फुटला आणि राख-दगडांचा खांब कित्येक किलोमीटर आकाशात गेला. खाडीपलीकडून सतरा वर्षांचा एक मुलगा ते बघत होता, धाकटा प्लिनी. त्यानं पुढे इतिहासकार टॅसिटसला पत्रं लिहून सगळं कळवलं; ढगाचा आकार त्यानं तिकडच्या छत्रीसारख्या पाइन वृक्षाचा सांगितला आहे. मग शहरावर दगड पडू लागले, पण हलके, सच्छिद्र. आपण टाचा घासायला वापरतो तसले. तासाला चार-सहा इंचांचा थर. रात्रीपर्यंत छपरं त्या वजनानं कोसळू लागली. पण या पहिल्या कित्येक तासांत माणसाला डोक्यावर उशी बांधून चालत निघून जाता येत होतं. आणि बरेच गेले. शहराची वस्ती दहा-वीस हजारांच्या मधली धरतात, आणि आतापर्यंत सांगाडे सापडले आहेत हजार-बाराशेच्या आसपास. एकतृतीयांश शहर अजून मातीखाली आहे, बाहेर वाटेत मेलेलेही असतील, हे सगळं धरलं तरी बरीच माणसं वाचली असावीत. पॉम्पेईतली कुळनामं नंतर नेपल्स, कुमे, ओस्तिया अशा गावांच्या शिलालेखांत भेटतात. मागे राहिलेल्यांचा शेवट दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. तापलेली राख आणि वायू यांचा लोट जमिनीलगत, घोड्यापेक्षा वेगानं आला, आणि त्यापुढे धावणं हा प्रश्नच उरला नाही.

हे सगळं 24 ऑगस्टला घडलं असं आम्ही शिकवत आलो. 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली एक ओळ सापडली, तिच्यावरची तारीख 17 ऑक्टोबरची निघते. कोळशाचं लिखाण टिकतं किती? शिवाय शरदातली फळं, शेकोटीची भांडी आधीपासून सापडत होतीच. त्यामुळे आता पुष्कळ अभ्यासक ऑक्टोबर धरतात. मी तारीख नेहमी गुणांसाठी विचारायचो, हे मनात आलं.

माणसांचे साचे मी ओझरते पाहायचे असं ठरवून गेलो होतो. राख घट्ट झाली, आतलं शरीर नाहीसं झालं आणि पोकळी राहिली; त्या पोकळीत प्लास्टर ओतायची युक्ती 1863 मध्ये फियोरेल्ली या उत्खननप्रमुखांनी काढली. काचेमागे कोणी तोंडावर हात घेतलेला, कोणी गुडघे पोटाशी घेऊन. एक कुत्रा आहे, गळ्यात पट्टा, पाठीवर वळलेला. त्याला साखळीनं बांधलं होतं. त्याच्यापाशी मुलगी थांबली नाही, पुढे निघून गेली.

एका जागी बाईंनी आवाज खाली आणला. सोन्याचं कडं घातलेली व्यक्ती आणि तिच्या कडेवर मूल, असे साचे इथल्या एका घरात मिळाले. वर्षानुवर्षं सगळे सांगत, आई आणि लेकरू. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत निघालं की ती व्यक्ती पुरुष होता, आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. बाई म्हणाल्या, ‘प्रोफेसोरे, आईची गोष्ट सांगितली की लोक रडायचे. आता सांगते की कोण होता माहीत नाही, पण मूल त्याच्याजवळ होतं. आता लोक रडत नाहीत, विचारात पडतात.’ परीक्षा देऊन मिळवलेला तो परवाना उगीच नाही, असं मला वाटलं.

मोठ्या रस्त्याला लागून एक घर आहे, त्याला ‘भारतीय मूर्तीचं घर’ म्हणतात. ते दाखवा असं मीच सांगून ठेवलं होतं. 1938 मध्ये माइउरी या पुरातत्त्वज्ञांना तिथं हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. मूर्ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आम्ही ती आदल्या दिवशी पाहून आलो होतो. जेमतेम वीतभर उंच. कानांत, हातांत, पायांत ठसठशीत दागिने, दोन्ही बाजूंना दोन सेविका, आणि डोक्यावरून आरपार भोक, म्हणजे एखाद्या आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावी. लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध झाली. अनेकांच्या मते ती यक्षी. घडवली कुठे यावर एकमत नाही. तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, म्हणून कोणी वायव्य भारताकडे बोट दाखवतात. पण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला याच घडणीचं हस्तिदंती काम सापडलं आहे, तेव्हा आपल्याकडचा दावाही चांगला दणकट आहे. तेर म्हणजे ग्रीक खलाशांच्या पुस्तकातलं तगर. तिथून माल भडोचला आणि भडोचहून जहाजानं लाल समुद्राकडे जायचा.

याला आणखी एक पदर आहे. धाकट्या प्लिनीचा मामा, थोरला प्लिनी, रोमन आरमाराचा अधिकारी आणि मोठा विद्वान. त्यानं आपल्या ग्रंथात तक्रार करून ठेवली आहे की हिंदुस्थान दरसाल रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, आणि बदल्यात येतो तो चैनीचा माल. हा थोरला प्लिनी त्या स्फोटात जहाजं घेऊन लोकांना सोडवायला निघाला आणि किनाऱ्यावर मेला. ज्या खरेदीबद्दल तो कुरकुरत होता तिचा वीतभर नमुना त्याच राखेनं आपल्यासाठी जपून ठेवला.

दुपारी जेवण उरकून गाडीनं डोंगर चढलो. गाडी हजार मीटरच्या आसपास सोडते, पुढे वीस-तीस मिनिटांची पायवाट. ठिसूळ लाल-काळ्या दगडांचा भुगा, पाय घसरतो. माथा 1281 मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा किंचित कमीच. पण समोर समुद्र आहे, त्यामुळे सगळीच्या सगळी उंची अंगावर येते. काठावर पोचलो आणि आत पाहिलं. सुमारे अर्धा किलोमीटर रुंद, तीनशे मीटर खोल खड्डा, आणि त्याच्या कडेच्या भेगांतून निघणारी वाफ. बस्स. ना आग, ना आवाज. फळ्यावरची लाल नळी कुठे दिसणार! जावई म्हणाले, ‘बाबा, निराशा झाली का?’ अजिबात नाही. खड्ड्याच्या भिंतीत एकावर एक थर दिसत होते, राखेचे, लाव्ह्याचे, पुन्हा राखेचे. अर्धा तास मी ते मोजत बसलो.

सह्याद्रीही लाव्ह्याचाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा पातळ होऊन पसरत गेला, थरावर थर. म्हणून आपले डोंगर पायऱ्यांचे. व्हेसुव्हियसचा शिलारस घट्ट आणि वायूनं भरलेला. वर्गात मी सांगायचो, सार उकळतं ते निमूट. पिठलं रटरटलं की अंगावर उडतं. बाईंना पिठलं समजावणं जमलं नाही, पण त्यांच्याकडे मक्याच्या पिठाची पोलेंता असते, तीही तशीच उडते म्हणे.

तिथंच कठड्याला टेकून हिनं तो प्रश्न विचारला जो सकाळपासून आम्हा सगळ्यांच्या मनात होता. खाली उतारापासून समुद्रापर्यंत घरंच घरं. मळे, चर्च, फुटबॉलची मैदानं, आणि पुन्हा घरं. सरकारनं आखलेल्या लाल पट्ट्यात 25 नगरपालिका येतात आणि सुमारे सात लाख माणसं. हिनं विचारलं, ‘तुम्ही कुठं राहता?’ बाईंनी हात लांब करून दाखवलं. सान सेबास्तियानो. बरोबर खाली.

मग त्या बसल्या आणि बोलल्या. हा डोंगर शेवटचा जागा झाला तो मार्च 1944 मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत. दोस्तांच्या विमानतळावरची ऐंशीच्या आसपास विमानं राखेनं निकामी झाली. लाव्हा सान सेबास्तियानोवर आला. त्यांची आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. लाव्हा सावकाश येत होता, माणसाच्या चालीपेक्षाही हळू, त्यामुळे लोकांनी घरं रिकामी केली. भांडीकुंडी नेली, मग कपाटं, मग दारं-खिडक्यासुद्धा चौकटीसकट उखडून गाड्यांवर घातल्या. आजी सांगायची, आमचं घर भिंतीसकट हळूच वाकलं, जसं म्हातारं माणूस बसतं. आणि मग? मग गाव पुन्हा तिथंच बांधलं. त्याच लाव्ह्यावर. वाचवलेली दारं कोणी कोणी नव्या घरांना बसवली.

‘पण तुम्ही तरी जायचं ना,’ ही म्हणाली. बाईंचा आवाज जरा कोरडा झाला. 2003 मध्ये तिथल्या प्रांत सरकारनं योजना काढली होती. लाल पट्ट्याबाहेर घर घ्या, कुटुंबामागे तीस हजार युरोपर्यंत मदत. ‘तेवढ्यात घर येतं का? आणि काम? माझं काम हा डोंगर आहे. भावाची टोमॅटोची शेती आहे, ती या मातीशिवाय होत नाही.’ योजना तयार आहे, त्यांनी सांगितलं. वेधशाळा आहे, 1841 ची, जगातली ज्वालामुखींवरची पहिली. धोक्याचा इशारा आला की 72 तासांत सगळ्यांना हलवायचं. प्रत्येक गावाची जोडी इटलीतल्या दुसऱ्या प्रांताशी लावून दिली आहे, कुणी कुठं जायचं ते ठरलेलं. ‘कागदावर छान आहे. माझी आई ऐंशीची आहे. ती म्हणते, मी त्या प्रांतात कोणाला ओळखते?’

हे ऐकताना मी इटलीत नव्हतो. माझ्या शाळेतली निम्मी मुलं डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवरून यायची. 2014 मध्ये पुणे जिल्ह्यातलं माळीण गेलं, 2021 च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातलं तळीये, 2023 च्या जुलैमध्ये खालापूरची इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी बातम्यांमध्ये कोणीतरी ठणकावून विचारतं, हे लोक तिथं राहतातच का? दर जूनमध्ये दरडप्रवण गावांना नोटिसा जातात, तात्पुरतं स्थलांतर करा म्हणून. शाळेच्या खोल्या त्यासाठी मी स्वतः रिकाम्या करून दिल्या आहेत. माणसं संध्याकाळी येतात, पाऊस थोडा उघडला की सकाळी परत. गुरांना वैरण कोण घालणार? भाताची लावणी कोण करणार? नोटिशीत याचं उत्तर नसतं. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी एकदा सान सेबास्तियानो पाहून यावं. तिथं वेधशाळा आहे, युरो आहेत, 72 तासांची योजना आहे, घराघरात शिकलेली माणसं आहेत, आणि तरी सात लाख जण तिथंच आहेत. हलायचं म्हणजे फक्त घर हलवायचं नसतं, हे समजून घेऊन जोवर पुनर्वसन आखलं जात नाही, तोवर नोटिसा निघत राहतील आणि माणसं परत जात राहतील. शेत, गुरं, देऊळ, शेजार यांच्यासकट ज्यांना जवळपास जागा मिळते ते हलतात. निव्वळ पत्र्याच्या शेडमध्ये कोण किती दिवस राहील?

नेपल्सच्या पलीकडच्या अंगाला कांपी फ्लेग्रेई म्हणून दुसरा ज्वालामुखी प्रदेश आहे, तिथली जमीन 2005 पासून वर उचलली जाते आहे. 20 मे 2024 रोजी तिथं 4.4 चा धक्का बसला. बाई म्हणाल्या, हल्ली नेपल्सवाल्यांना भीती तिकडची. ‘आमचा डोंगर झोपलाय म्हणून तिकडचे लोक आम्हाला नशीबवान म्हणतात.’

उतरताना वाटेवरच्या एका मळ्यापाशी थांबलो. छोटे, टोकदार टोमॅटो, सुतळीला बांधून घोसांनी टांगलेले. हे छपराखाली टांगून हिवाळाभर टिकतात, आपल्याकडे कांद्याच्या माळा टांगतात तसे. हिनं एक घोस घेतला. दुकानदारानं पिशवीत घालताना बाईंना काहीतरी विचारलं, त्या दोघांत बराच वेळ बोलणं झालं. डोंगराबद्दल असेल म्हणून मी विचारलं, तर नाही, पावसाबद्दल होतं. यंदा पाऊस वेळेवर नाही, फळ बारीक राहिलं.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला स्टेशनवर सोडलं. डोंगराला वळसा घालत जाणारी ती छोटी आगगाडी, आपल्या लोकलसारखी भरलेली. शाळेतून, कामावरून घरी जाणारी माणसं. दोन इमारतींच्या फटीतून डोंगर दिसायचा, पुन्हा लपायचा. समोरचा मुलगा गृहपाठाची वही मांडीवर घेऊन बसला होता. हिनं त्याला घोसातला एक टोमॅटो काढून दिला, आणि त्यानं तो पुसून तिथंच खाल्ला.